शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. ते गाडी शिकवायचे. चौतीस वर्षं, एकाच छोट्या, क्रीम रंगाच्या गाडीवर. शेजारच्या सीटपुढे, त्यांच्या पायाशी, दुसरा ब्रेक होता. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तर तो अलगद दाबायचे आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "सावकाश. गाव कुठे पळून जात नाही." गावातले डॉक्टर, वकील, दूधवाला, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. मास्तरांचा आवाज कधी चढला नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती खरीही होती, एक दिवस सोडला तर.

तो दिवस त्यांच्या बायकोच्या वाट्याला आला. गाडी नवीकोरी होती, दुसरा ब्रेक अजून बसायचा होता. मास्तरीणबाई हौसेने स्टीअरिंगवर बसल्या आणि पहिल्याच वळणावर गाडी कुंपणाला घासली. नाव नोंदवायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर मास्तर खेकसले, "पाय आहे का ओंडका?" बाई उतरल्या आणि चालत घरी गेल्या. पुन्हा त्यांनी स्टीअरिंगला हात लावला नाही. माफी मागायचं मास्तरांच्या मनात होतं. ते मनातच राहिलं.

दीड वर्षापूर्वी मास्तरांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग बसला. कडेचं दिसायचं, समोरचं गायब. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याच विद्यार्थिनी, पण त्यांनीही आडपडदा न ठेवता सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही. मास्तरांची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. ते रोज सकाळी फडकं घेऊन तिला चाचपत चाचपत पुसायचे.

मग एक दिवस जुन्या गाड्या जमवणारा एक हौशी गृहस्थ दारात आला. तो गाडीभोवती फिरला, जमिनीवर उताणा पडून खालून बघून आला आणि दुसऱ्या ब्रेकपाशी अडकला. "असा ब्रेक शाबूत असलेली गाडी मी शोधतोय," म्हणाला, आणि त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून मास्तरीणबाईंनी हातातला चहाचा ट्रे आधी खाली ठेवला. रविवारपर्यंत सांगा, म्हणून तो गेला.

"काय करायचं?" बाईंनी जेवताना विचारलं.

"ठेवून काय, गंजणारच. चालवणार कोण?"

"मी."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "तू त्रेसष्ट वर्षांची आहेस."

"मग वेळ कशाला घालवताय? मला काही एकटीला हिंडायचं नाही. तुम्हाला घेऊन हिंडायचंय."

दीड वर्षात मास्तर पहिल्यांदा पोटभर जेवले.

शेजारचा शिंपी, तोही जुना विद्यार्थी, रोज गाडी बंद कारखान्याच्या पटांगणात नेऊन द्यायचा आणि मागच्या सीटवर बसायचा. बाई चटकन शिकल्या. क्लच असा सोडायच्या की शिंप्याने तोंडात बोट घातलं. चौथ्या दिवशी गाडी रस्त्यावर काढली, आणि शंभर पावलं जात नाहीत तोच ती कचकन थांबली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

ब्रेक मास्तरांनी दाबला होता. गाडी पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मागच्या टेम्पोवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

"अहो, तुम्हाला दिसलं तरी काय?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले. "समोर काहीच दिसत नाही. म्हणून पाय जातो."

पाय वर घेऊन पाहिले, मांडी घालून पाहिली. हॉर्न वाजला की पाय आपोआप खाली. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही मागे बसा." शिंपी पुढे आला, मास्तर मागे गेले.

मागे ब्रेक नव्हता. गाडी छान चालली होती, बाईंनी वळण सुरेख घेतलं. तेवढ्यात समोरून एक सायकल घंटी वाजवत सुळकन आडवी गेली. मास्तरांना ती फक्त ऐकू आली. त्यांचा पाय रिकाम्या जागी आपटला आणि तोंडातून निघालं, "पाय आहे का ओंडका?"

बाईंनी गाडी कडेला घेतली, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखी. इंजिन बंद केलं. किल्ली शिंप्याच्या हातात दिली आणि चालत घरी गेल्या.

मास्तर मागच्या सीटवर बसून राहिले. चौतीस वर्षं ज्या धीराचं गावाने कौतुक केलं, तो त्यांचा नव्हताच, त्या लोखंडी ब्रेकचा होता. हे त्यांना तिथे कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

घरी बाई भाजी निवडत होत्या. मास्तर उंबऱ्यातच थांबले. "मी चुकलो. आज, आणि तेव्हाही."

"माहीत आहे." त्यांनी निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मला येत होती हो गाडी."

"येत होती," मास्तर म्हणाले. "फार छान येत होती."

"त्या माणसाला रविवारी बोलवा."

तो आला, पैसे देऊन गाडी घेऊन गेला. मास्तर फडकं हातात घेऊन शेडमध्ये उभे होते. ते त्यांनी खिळ्याला टांगलं आणि पुन्हा काढलं नाही.

पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला दोघं टॅक्सीने निघाली. मागच्या सीटवर, जवळ जवळ. ड्रायव्हर तरणाबांड, गाडी वाऱ्यावर सोडलेली. पहिल्या चौकात मास्तरांचा पाय गेला, दुसऱ्या चौकात पुन्हा गेला, आणि पायाशी ठेवलेल्या बाईंच्या पिशवीत रुतला. मास्तरांनी ओशाळून पाय आखडून घेतला.

 बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मास्तरांच्या पायाला दाबायला जागा करून दिली.