मामाने बांधलेलं पथ्य

माझी शाळा आठवीत सुटली. मामाने ओळखीने मला गुजरातेत औषधाच्या कारखान्यात लावलं, पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोडायलाही तोच आला. तो उपकार मी विसरलेलो नाही. तेच तर अवघड होऊन बसलंय.

कारखान्यात कॅन्सरचं इंजेक्शन बनतं. बनवणारे काचेपलीकडे, मी भरलेल्या बाटल्या खोक्यात घालतो. तिथल्या एका साहेबांनी समजावलं होतं, हे नॅनो औषध आहे. कण इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत, आणि प्रत्येक कणाला चरबीचं पातळ वेष्टन. पुढे आईच्या छातीत गाठ निघाली आणि मुंबईच्या सरकारी दवाखान्यात तिला याच जातीचं औषध सलाइनमधून सुरू झालं. मी फोनवर सांगितलं, "आई, भाताच्या दाण्याला तूस असतं ना, तसंच. औषध तुसातून जातं, वाटेत कमी सांडतं, गाठीपाशी जास्त पोचतं."

"म्हंजे गिरणी गाठीतच हाय का रे?" म्हणाली आणि हसली.

मग तिचं हसणं कमी झालं. सलाइनला गेलीस का विचारलं की म्हणायची, "जाईन रे. तू जेवलास का?" काम जाईल या धास्तीतच रजा मागितली, कल्याणला उतरलो, मुरबाडमार्गे एसटीने आमचं गाव धसई गाठलं.

घरी देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, एक निळी बाटली होती.

"हे काय?"

"तुमचं नॅनो. मामा इकतो बाजारात. रोज एक झाकण घेते."

"आणि सलाइन?"

"बंद केलं. दोन औषधं एका पोटात भांडतात."

आमच्याकडे झाडपाल्याचं औषध घेताना दुसरं घेत नाहीत. देणारा पथ्य बांधतो, आणि ज्याने बांधलं त्यानेच ते सोडायचं. मध्येच मोडलं तर औषध अंगावर उलटतं, असं मानतात. आईचं पथ्य मामाने बांधलं होतं.

"अगो, आमचं औषध पीत नाय कुणी, सुईतून देतात. नुसतं पाणी हाय ते!"

"पाणी कसं? त्यानं तुझा फोटो दाखवला मोबाईलवर. टोपी, मास्क घातलेला. माझा पोर बनवतो, तेच मी नको म्हणू?"

तो फोटो कामाला लागलो त्या आठवड्यात मी मामाला पाठवला होता, आईच्याही आधी. खाली लिहिलं होतं, मामा, तुमच्यामुळे.

बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत मामाचं टेबल होतं. मला बघताच ओरडला, "हा बघा, हाच माझा भाचा! कंपनीतून आलाय."

एका म्हातारीने माझा हात धरला. "गुडघ्याला चालंल का रे, दादा?"

"आजी, हे आमच्या कंपनीचं नाय. मी तर नुसते खोके भरतो."

"लाजतोय गो," मामा हसला आणि मला बाजूला ओढलं. "काय बोलतोस लोकांत?"

"मामा, आईचं सलाइन तुमी बंद केलंत?"

तोवर मला वाटत होतं, यालाही कुणीतरी फसवलं असेल. तसं वाटावं अशी माझीच इच्छा होती. तो भाताचा भाव सांगावा तसा शांतपणे म्हणाला, "गिऱ्हाईक इचारतं, तुझी बहीण काय घेते? ती सलाइनला जाते म्हटल्यावर माझ्याकडं कोण येईल रे?"

मला ओरडायचं होतं. पण आई माझं ऐकणार नव्हती, डॉक्टरचंही नाही. पथ्य याच माणसाच्या तोंडून सुटायला हवं होतं. मी म्हटलं, "मामा, पथ्य सोडा."

"सोडतो. पण पाणी खोटं म्हणून तायला सांगायचं नाय. नायतर मी यायचा नाय." वर म्हणाला, "कामाला कुणी लावला तुला?"

संध्याकाळी तो आला. आईने चहा ठेवला. बशीत फुंकर घालत तो म्हणाला, "ताय, पथ्य सुटलं गो. माझ्या पाण्यानं गाठ मऊ केली. आता बिनघोर सलाइन घे."

आईचा चेहरा उजळला. मला म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास? पाया पड मामाच्या."

मी वाकलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, पहिल्या दिवशी कारखान्याच्या गेटपाशी ठेवला होता अगदी तसाच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, गाठ वाढली आहे, मध्ये सोडायला नको होतं. आता पुन्हा सुरू करून बघू. सरबतासारखं लाल औषध नळीतून उतरू लागलं. आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मामानं मऊ करून ठेवलीय. आता इरघळंल लवकर."

मी नुसतं हं म्हटलं. तिने हात ताठ धरला होता. नर्स म्हणाली, मावशी, एवढं आखडू नका, सांडत नाही ते. पण सुई लावलेला तो हात तिने शेवटच्या थेंबापर्यंत जरासुद्धा हलू दिला नाही.