अकरा एक आणि सरांचं ‘अजून’

दामोदर सरांची माझी पहिली गाठ बोरी बुद्रुकच्या माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पडली. विहिरीवरची जळालेली मोटर घेऊन ते आले होते. थांबावं लागेल म्हटल्यावर त्यांनी पुठ्ठ्यावर ओळीनं अकरा एक लिहिले: ११,११,११,११,१११. म्हणाले, “एकशे नऊनं भागून बघता का?”

मला वाटलं, हे गृहस्थ विमा विकणार. बाकी उरली, तसे सर खूश झाले. “अजून हिला भागणारी संख्या सापडली नाही,” म्हणाले. विमा काही काढला नाही.

ओळखीच्या प्रत्येकाला सर असा एक भाजक देत. विद्यार्थ्यांना, एसटीच्या कंडक्टरला, दगड घडवणाऱ्या अन्वरभाईंना. सगळे बाकी घेऊन परत येत. माझा हात भाजला तेव्हा सर रोज दुकानात बसून गिऱ्हाइकांचे फोन घेत. यांना काहीतरी हवं असणार, असं तेव्हाही वाटलंच. हवं होतंच: नव्या भाजकाचं काय झालं, एवढंच.

सरांच्या पंच्याहत्तरीला गौरव समितीनं ठरवलं, की शाळेच्या दारात ही संख्या दगडावर कोरायची, खाली ‘कशानेही भाग न जाणारी’ असं लिहायचं. माझे कान टवकारले. सर कायम ‘अजून’ म्हणत आले. समितीनं नेमकं तेवढंच गाळलं. मोटर चांगली आहे असं मालक शपथेवर सांगतो, तरी मी मीटर लावतोच. इथं मोबाईल लावला. संख्या फुटली: २१६४९ गुणिले ५१३२३९.

“गप बसा राव,” समितीतले म्हणाले, “कार्यक्रम होऊ द्या. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडाया नगं.”

अन्वरभाई म्हणाले, “भाऊ, दगडावरचं खोडता येत न्हाई. छिन्नी लावायच्या आधी सांगा.”

सरांच्या घरी गेलो. सरांनी ऐकून घेतलं. “मोबाईल म्हणतो म्हणून?” एवढंच बोलले आणि कागद ओढून स्वतः गुणाकार मांडला. चहा गाळता गाळता वहिनी थांबल्या. शेवटच्या ओळीत अकरा एक उभे राहिले. सरांनी ते पेन्सिलीच्या टोकानं एकेक करून मोजले.

“दगडाला हात लावला का?”

“न्हाई सर.”

“वाचलो. शाळेच्या दारातच पोरांनी खोटं वाचलं असतं.” मग चष्मा पुसत म्हणाले, “आणि हे दोन तुकडे? ते तरी फुटत नाहीत ना?”

“मोबाईल म्हणतो, न्हाई फुटत.”

“तो म्हणतो. आपण अजून म्हटलेलं नाही. तुम्ही सदतीस घ्या.”

दगडावर आता तो गुणाकार आहे, आणि सरांच्या हट्टानं खाली एकच शब्द: ‘तपासा’.

सर, तब्येत सांभाळा. तुकडे बाकी आहेत. मला दाट संशय आहे, की वयाच्या शंभरीतही तुम्ही दुकानात येऊन माझ्याकडे भागाकार मागाल. माझे पुष्कळ संशय खोटे ठरले. हा एक खरा ठरो.