गेनबाचं पितळी इंजिन

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एसटी जिथून माघारी वळते, तिथून तासभर डोंगर चढला की गेनबाची वस्ती लागते. चार घरं, कुंपण घातलेलं एक वाडगं आणि साठ-सत्तर शेरडं. या वाडग्याभोवती रेल्वे धावते. माझ्या सांगण्यावर विसंबू नका, एकदा जाऊन बघा.

सात-आठ वर्षांमागं नसरापूरला भंगाराच्या ढिगात गेनबाला एक वीतभर पितळी इंजिन सापडलं, त्याबरोबर दोन हात रूळ. उरलेले रूळ त्यानं तारा ठोकून स्वतः केले. मोटारसायकलची जुनी बॅटरी लावली आणि इंजिन पळालं. साठी उलटलेला हा माणूस आगगाडीत कधी बसला नव्हता. दावणीला आलेल्या जिवाला खूण करायची, ही त्याच्या घरची रीत. त्यानं कानशीनं इंजिनाच्या डाव्या कोपऱ्याला दोन खाचा पाडल्या. त्याच्या शेरडांच्या डाव्या कानालाही तशाच दोन खाचा असतात.

संध्याकाळी शेजारची रतनबाई कुडाजवळ उभी राहून विचारायची, मास्तर, आमची गाडी किती वाजता? गेनबा हसायचा नाही. शेरडं पाजून झाली की, म्हणायचा.

यंदा इंजिनाचं पुढचं चाक झिजलं. वळणावर गाडी रूळ सोडायला लागली. गेनबाचं जेवणात लक्ष लागेना. त्याच्या सुनेनं, प्रगतीनं, मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं, की पुण्यात अशाच लहान गाड्यांचं प्रदर्शन आहे आणि तिथं सुटे भाग विकत मिळतात. दोघं सकाळच्या एसटीनं निघाली. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं इंजिन गेनबानं पुण्यापर्यंत मांडीवरून हलवलं नाही.

प्रदर्शनाचा हॉल केवढा तरी. आत डोंगर, बोगदे, पूल, नखाएवढे सिग्नल आणि त्यातून सरसर जाणाऱ्या गाड्या. गेनबाची छाती आधी भरून आली, मग धडधडायला लागली. फरशी इतकी गुळगुळीत, की पाय घट्ट रोवावेत तरी कुठं? माणसं अंगाला घासून जात होती आणि ओळखीचा एक चेहरा नव्हता. वायर बघून येते, असं सांगून प्रगती पलीकडच्या टेबलाकडं गेली. गेनबा एकटा उरला.

समोर एका चष्मेवाल्याचं जुन्या इंजिनांचं दुकान होतं. टेबलावर वीस-पंचवीस इंजिनं आणि कडेला चाकांचे डबे. चाकं शोधायला दोन्ही हात लागणार, म्हणून गेनबानं फडकं सोडलं आणि आपलं इंजिन त्या इंजिनांच्या ओळीत ठेवून दिलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओढ्यावर चार जणांची शेरडं एकत्र पाणी पितात, आणि निघताना ज्यानं त्यानं खूण बघून आपापली न्यावीत. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं.

चाकं मिळाली. एका हातात ती धरून त्यानं दुसऱ्या हातानं आपलं इंजिन उचललं आणि फडक्यात गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात त्याचं मनगट कुणीतरी धरलं.

"आजोबा, ते खाली ठेवा," चष्मेवाला म्हणाला.

"माजं हाय."

"माझ्या टेबलावरून उचललंत की आत्ता. पावती आहे?"

भंगारवाला कुठली पावती देतो? माणसं थांबून बघू लागली. दारावरचा निळ्या सदऱ्यातला वॉचमन इकडं निघाला, आणि गेनबाला एकदम किकवीकडचा तो रस्ता दिसला. लहानपणी घरची सगळी कळप घेऊन चालली असताना वाटेवरच्या गावात कुणाची कळशी हरवली, तर लोकांनी रस्त्यातच त्याच्या बापाचं बिऱ्हाड उलगडलं होतं. गोधड्या, भांडी, आईचं लुगडं, सगळं धुळीत. कळशी नंतर कळशीवाल्याच्याच परसात सापडली. पण धुळीतल्या गोधड्यांची घडी घालायला गावातलं कुणी आलं नाही. तेव्हाची बापाची मान गेनबा विसरला नव्हता. आज आपलीही मान तशीच खाली गेलेली त्याला कळली. इंजिन मात्र त्यानं छातीशी धरून ठेवलं.

गर्दी बघून प्रगती धावत आली. मामंजींचं धरलेलं मनगट आणि छातीशी इंजिन बघताच ती समजायचं ते समजली. काय झालं ते तिनं कुणाला विचारलं नाही, मोबाईल काढून चष्मेवाल्यापुढं धरला. त्यात वाडगं होतं, तारांचे रूळ होते आणि पितळी इंजिन धावत होतं. मध्येच एका शेरडानं मान घालून रूळ हुंगला. त्याचा कान पडदाभर दिसला.

गेनबाला आता वाचा फुटली. त्यानं इंजिनाचा कोपरा दाखवला. "दोन खाचा. बगा. कानाला बी दोन. आमी दुसऱ्याचं जनावर हाकत न्हाई."

चष्मेवाल्यानं इंजिन हातात न घेताच वाकून बघितलं. मोबाईल बघितला. पुन्हा कोपरा बघितला. मग मनगट सोडून त्यानं हात जोडले. "चुकलो मी आजोबा. चाकं अशीच न्या."

गेनबानं मान हलवली. फुकट न्हाई, म्हणाला. त्यानं पैसे दिले आणि पावती मागितली. चाकांची पावती झाली, तरी तो हलेना.

"त्याच्याखाली लिवा, इंजिन घरचं हाय म्हून."

चष्मेवाल्यानं लिहिलं आणि सही केली. तो कागद हातात उंच धरून गेनबा दाराबाहेर पडला. वॉचमननं तिकडं बघितलंसुद्धा नाही. एसटीत कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा गेनबानं आधी तीच पावती पुढं केली. प्रगतीनं हळूच त्याचा हात खाली घेतला.

गाडी आता वळणावर रूळ सोडत नाही. पण शेरडं ओढ्यावर गेली, की गेनबा आपली जरा बाजूला पाजतो. पावती त्यानं इंजिनाच्या फडक्यातच ठेवली आहे, आणि गाडी बघायला कुणी नवखा आला, तर रुळावर इंजिन ठेवायच्या आधी तो ती उलगडून दाखवतो.