ह्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स

हे गेल्यानंतर चार महिने लॅपटॉप कपाटात साड्यांखाली बॅगेसकट पडून होता. लेकीला कॉलेजच्या कामासाठी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, हवं होतं आणि तिचा डोळा त्याच लॅपटॉपवर होता. नवीन घेऊ म्हटलं तर ऐकेना.

"अगं आई, जुना असला तरी लिनक्सवर मस्त पळेल. आणि पप्पांचं काही डिलीट नाही होणार. विंडोज आहे तसंच राहणार, बाजूला थोडी जागा काढून लिनक्स टाकायचं. चालू केला की तोच विचारेल, कशात जायचंय."

मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणायचे. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या बायका जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, किती खंबीर आहेस गं. कसली खंबीर! तव्याला हात लागला तरी उशिरा कळायचं. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात जायचे, फायलींना चलानं लावायचे, घरी येऊन कुकर लावायचे. रडू एकदाही आलं नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

एवढं मात्र मी तिला दोनदा बजावलं, की ह्यांचं जे आहे ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे. त्यातलं काही गेलं तर गाठ माझ्याशी आहे.

रविवारी जेवणं आटोपल्यावर तिने टेबल पुसून लॅपटॉप मांडला. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, पटापट पुढे जात राहिली. मी समोर बसून शेंगा सोलत होते. मग ती थांबली.

"जागाच काढू देत नाहीये. म्हणतंय विंडोज नीट बंद केलेलं नाही. पप्पांनी शटडाउन केलंच नव्हतं, बॅटरी संपली तरी उघडं होतं ते आत तसंच साठवलेलं असतं."

करणारच नाहीत! ह्या माणसाने कधी लॅपटॉप बंद केला नाही. झाकण मिटायचे आणि उठायचे. मी बोलले की म्हणायचे, उद्या परत उघडायचाच आहे ना?

"मग आता गं?"

"काही नाही. विंडोजमध्ये जायचं, नीट शटडाउन करायचं, परत पहिल्यापासून सुरुवात."

पासवर्ड तिला ठाऊक होता. ह्यांनी झाकण मिटलं तेव्हा होती तशीच स्क्रीन समोर आली. मागे क्रिकेटचं पान, पुढे वर्डची फाइल. हे सोसायटीचे सेक्रेटरी होते, खाली बोर्डावर लावायच्या नोटिसा हेच लिहायचे. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' रविवारी पाण्याची टाकी साफ होणार आहे, तरी सकाळी नऊच्या आत पाणी भरून ठेवावे. खाली 'आपला विश्वासू'. ती टाकी कधीच साफ होऊन गेली होती. नव्या सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं.

लेकीने शटडाउन दाबलं.

"आई, ही फाइल सेव्ह नाही केलीय. विचारतंय. करू?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला दाखवल्याशिवाय हे कुठलीही नोटीस सेव्ह करत नसत. "अगं, जरा बघ, कुणाला लागेल असं काही नाही ना," अशी हाक यायची. त्या संध्याकाळीही आली होती. मी पोळ्या लाटत होते आणि कशावरून तरी चिडले होते. कशावरून ते आज आठवतही नाही. "टाकीच्या नोटिशीत काय बघायचंय? उद्या बघते," असं मी आतूनच ओरडले होते. झाकण मिटल्याचा आवाज तेवढा आला होता. पहाटे ह्यांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

"आई? करू ना सेव्ह?"

"थांब. मला वाचू दे."

चष्मा लावला. उण्यापुऱ्या पाच ओळी. दोनदा वाचल्या. कुणाला लागेल असं त्यात काही नव्हतं. लेक उठून माझ्याजवळ आली, माझे गाल पुसायला लागली, तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

"बरोबर आहे," मी स्क्रीनकडे बघून म्हटलं. "लावा बोर्डावर."