दाबलेली गाठ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आर्वीतल्या आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली होती आणि मी सूड घ्यायचं ठरवलं होतं.

लग्नपत्रिकांचं दुकान माझं, पण माझ्या खुर्चीत बसायचे जिजाजी, म्हणजे ताईचे यजमान. नागपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेले. गिऱ्हाइकांसमोर मला म्हणत, "साळेबुवा, तुमी फक्त चहा सांगा." त्यांनी डिस्कवर गाणी आणि लग्नांचे फोटो कोंबले आणि एका सकाळी फर्मान काढलं, "जागा उरली नाई. तुमचे डिझाइन उडवून टाका."

डिझाइन म्हणजे मी वर्षानुवर्षं स्कॅन करून जमवलेले गणपती, कलश, वेलबुट्ट्या. ते गेले असते, तर मला खरोखर चहा सांगण्यापुरतंच काम उरलं असतं.

"उडवता काऊन?" मी गरीब गाईच्या आवाजात विचारलं. "विंडोजमध्ये फाइल दाबून ठेवाची सोय आहे ना. तुमचं बी दाबू, माझं बी दाबू. ज्याचा माल दबणार नाई, त्यानं तो उचलाचा."

"सगळंच अर्धं होते ते. कोर्समध्ये शिकवलं आमाले," जिजाजी हसले आणि डबा घेऊन आलेल्या ताईसमोर शब्द देऊन बसले.

डिस्क भरलेली पाहून मी आदल्या दिवशीच दोघांच्या थोड्या थोड्या फाइली दाबून पाहिल्या होत्या. पण साळेबुवांना कोण विचारतं?

सुटा कापूस जिनिंगच्या प्रेसमध्ये घातला की खोलीभर ढिगाची एक गाठ होते. तीच गाठ पुन्हा घाला, गाठच बाहेर येते. माझे स्कॅन म्हणजे सुटा कापूस. पानभर पांढरं आणि मधे एक गणपती. टाइप केलेला मजकूरही तसाच मऊ. जिजाजींची एमपीथ्री गाणी आणि जेपेग फोटो मात्र जन्मतःच दाबलेल्या गाठी.

आधी माझं फोल्डर दाबलं. दाबलेल्या फाइलींची नावं विंडोज निळी करतं, तशी ती निळी झाली आणि माल पाव जागेत जाऊन बसला. मग त्यांचं. डबा संपला, हात धुऊन झाले, पडद्यावरची पट्टी सरकतच होती. शेवटी त्यांचीही सगळी नावं निळी झाली. पण मालानं अडवलेली जागा होती तेवढीच.

"व्हायरस असंन," जिजाजी पुटपुटले. उठायचं नाव नाही. मी मात्र उभ्या उभ्या त्यांच्यासाठी चहा सांगितला, पेशल.

ताईनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"गाणे निळे पडले, तुमी बी निळे पडले, पन जागा कोनी सोडून नाई राह्यलं."