जिवंत मुलापुढची मेणबत्ती

बेसमेंट भाड्याने द्यायचं ठरलं तेव्हा मी नवऱ्याला बजावलं होतं, कुणीही आण, पण रडकं माणूस आणू नकोस. मी दिवसभर एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये लोकांचे आजार वाचते. घरी आल्यावर मला चहा हवा असतो, कुणाची कहाणी नको असते. नवरा म्हणाला, "अगं, टेनंट शोधतोय, नाटकातलं पात्र नाही." आणि मग त्यानेच युक्रेनहून आलेली एक बाई आणली, सोबत तिची सहा वर्षांची मुलगी.

ती रडकी मुळीच नव्हती, उलट इतकी कमी बोलायची की मलाच चुकल्यासारखं व्हायचं. इकडे परदेशात, आमच्या व्हिटबी गावात बर्फ पडला की आम्ही उठायच्या आत तिने ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढलेला असायचा. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. चांगली आहे, पण माणूसघाणी आहे, असं मी ठरवून टाकलं. माझी मतं अशी पटापट तयार होतात.

एका संध्याकाळी ती वर आली आणि प्रिंटर वापरू का म्हणाली. फोनमध्ये एका मुलाचा फोटो होता. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, पुढचा एक दात पडलेला, हातात सोललेलं कणीस. मी विचारलं, भाचा का? ती म्हणाली, "माय सन." आमच्याकडे येऊन तिला चार महिने झाले होते आणि तिला मुलगा आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं ते असं. तिच्या गावात रशियन सैन्य घुसलं. शाळा त्यांच्याच ताब्यात गेली. एक दिवस शाळेतून निरोप आला की इथे तोफा चालतात, मुलांना समुद्रकाठच्या शिबिरात पाठवा, खेळतील, खातील, दोन आठवड्यांत परत येतील. धाकटी लहान म्हणून घरी राहिली. मोठ्याला तिने पाठवलं, कारण त्या दिवसांत ती मुलांना तळघरात झोपवत होती आणि समुद्रावर निदान स्फोट तरी नव्हते. मग सैन्य नदीपलीकडे हटलं आणि मुलगा पलीकडे राहिला. फोन केला की शिबिरातून सांगायचे, स्वतः येऊन घेऊन जा. जायचा रस्ता मात्र लढाईतून होता. काही महिन्यांनी तिथला फोनच कुणी उचलेना. मुलांना आणखी आत कुठेतरी हलवलं, एवढंच कळलं. वर्षभर तिने तिथेच वाट पाहिली, मग शेजारच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा धाकटीला घेऊन ती इकडे आली. अशी मुलं शोधून देणारे काही स्वयंसेवक होते, त्यांना फोटो हवे होते. मी फोटो छापून दिले. एक प्रत अंधुक आली म्हणून टेबलावरच राहिली.

त्याच सुमारास माझी आई नागपूरहून आली. आईला इंग्रजी येत नाही आणि त्याने तिचं काही अडतही नाही. आठवडाभरात ती खालच्या मुलीच्या वेण्या घालायला लागली. मुलगी माझ्या लेकीचं ऐकून तिला 'आजी' म्हणायची, मग तिची आईही म्हणायला लागली. आईने त्या फोटोबद्दल विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, फोटो उचलला आणि स्वतःच्या खोलीत नेला.

आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे. सकाळी तिच्यापुढे मेणबत्ती आणि फुलं ठेवून आई वंदना म्हणते. ज्याची काळजी वाटते त्याचा फोटोही ती मूर्तीच्या पायाशी ठेवते. मी बारावीला होते तेव्हा माझा पासपोर्ट साइझ फोटो वर्षभर तिथे होता आणि येणारे-जाणारे मला चिडवायचे. आईच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की याच्यावर लक्ष राहू द्या.

त्या रविवारी तिने मुलाचा फोटो चौकटीत घालून मूर्तीपाशी ठेवला. ग्रोसरीतून आणलेली चार पांढरी फुलं वाहिली, मेणबत्ती लावली, डोळे मिटले. तेवढ्यात ती बाई धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन वर आली.

मी किचनमध्ये होते. बास्केट पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ माझी लेक धावत आली, "मम्मा, शी कान्ट ब्रीद." बाहेर येऊन पाहते तर ती जमिनीवर बसलेली. फोटोकडे बोट दाखवून तिच्या भाषेत एकच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती. मग माझा हात धरून इंग्रजीत म्हणाली, "दे कॉल यू? व्हेन दे कॉल यू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्याकडे फोटोपुढे फुलं आणि मेणबत्ती गेलेल्या माणसासाठी असते. त्यात फुलं चार. जिवंत माणसाला तिथे कुणी सम संख्येत फुलं देत नाही, हे तिनेच नंतर सांगितलं. आपला मुलगा गेल्याची बातमी आमच्याकडे आली आणि आम्ही ती लपवली, असं तिला वाटलं होतं. "ही इज अलाइव्ह, नोबडी कॉल्ड," हे मी किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक.

आई थिजून उभी होती. "काऊन रडून राहिली व ही? मी त त्याचं भलं मागून राहिली होती," ती म्हणाली. कारण सांगितल्यावर तिने मेणबत्ती फुंकून विझवली, फुलं काढली आणि त्या बाईशेजारी जमिनीवर बसून तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. मग ती बाई रडली. घरात रडकं माणूस नको म्हणणारी मी भिंतीला टेकून तिच्याबरोबर रडत होते.

त्यानंतर ती रोज वर यायला लागली. आई मराठीत बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि दोघी मिळून लसूण सोलायच्या. फोटो तिने स्वतःच मूर्तीपाशी परत ठेवायला सांगितला, फक्त फुलं आणि मेणबत्ती नको म्हणाली.

उन्हाळ्यात स्वयंसेवकांचा निरोप आला. मुलगा सापडला होता, दूर आतल्या एका शहरात, वसतिगृहाच्या शाळेत. त्याच्याकडे फोन होता. पण तुझी आई बॉम्बहल्ल्यात मेली असं त्याला सांगितलेलं होतं, त्यामुळे ती जिवंत आहे हे त्याला खरं वाटत नव्हतं. तो बोलायला तयार होता, चेहरा मात्र दाखवणार नव्हता.

शनिवारी सकाळी आमच्या किचनमध्ये तो फोन आला. तिने मला शेजारी बसवलं होतं. फोन स्पीकरवर होता. मुलाचा आवाज अजून कोवळाच होता. ती रडत काही बोलायला लागली, तर त्याने तिला मध्येच थांबवलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले. शब्द मला कळत नव्हते, पण सूर कळत होता. बँकेत फोन केला की आधी आपली ओळख पटवून घेतात, त्या सुरात पोरगा आईशी बोलत होता. ती शहाण्या मुलीसारखी उत्तरं देत होती. एका प्रश्नावर तर ती चक्क हसली आणि बरंच काही सांगत राहिली. त्यावर तो एकच वाक्य बोलला. तिचं हसू गेलं. पुढे दोन-चार शब्द झाले आणि फोन कट झाला.

आईने मला कोपराने ढोसलं, "काय म्हणे पोट्टं?"

मी त्या बाईला विचारलं. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि सांगितलं. कुत्र्याचं नाव, आजीच्या दाराचा रंग, शिबिराला जाताना बॅगेत काय भरलं होतं, सगळं त्याने विचारलं आणि तिने बरोबर सांगितलं. शेवटी विचारलं, मी कशाला घाबरतो? ते तिला हमखास ठाऊक होतं. आजीच्या अंगणातली बदकं त्याच्या मागे लागायची आणि तो हिच्या स्कर्टमध्ये लपायचा. तेच ती हसत हसत सांगत होती.

"ही सेड, यू आर माय मदर, ओके," ती म्हणाली. "बट नाऊ आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ नथिंग."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आपलीच आई आहे हे पोराला पटलं, एवढ्यावर तिने आनंदाने हात जोडायला हवे होते. पण तिने लसणाची ताटली बाजूला सारली.

"एवढंसं पोट्टं," ती म्हणाली, "आन् कशालेच भेत नाही? काय केलं व माय त्यायनं त्याले?"