राजधानीत नेलेला दगड

ठाण्याला मी हजारदा गेले असेन, पण ठाणं बघायला म्हणून कधी गेले नव्हते. कोण जातं? लग्नाचा बस्ता, दातांचा डॉक्टर, पेन्शनचं एखादं काम, झालं की परत. यंदा माघात मात्र मी आणि माझा मोठा भाऊ बळीरामदादा, तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी, एक नारळ आणि शेंदराची पुडी घेऊन कल्याणकडच्या मानपाड्याहून बसमध्ये बसलो. आणि आधीच सांगून ठेवते, दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं. मी तशी तापटच. मी शाळेत शिकवायचे तेव्हा पोरं मला मिरचीबाई म्हणायची, आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

कारण असं. मानपाड्याच्या आत कोंडपाडा हे आमचं गाव. आता गाव कसलं, टॉवरांच्या पायाशी उरलेली वीस घरं. आमच्या शेताच्या बांधावर कमरेएवढा एक दगड होता. वर चंद्र-सूर्य, मधे झिजलेली अक्षरं, खाली चित्र. त्याला गधेगाळ (शापाचा दगड) म्हणतात. शिलाहार राजे ठाण्यात राजधानी करून होते तेव्हा जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. ही जमीन जो बळकावेल त्याला शाप, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी शापाचं चित्र. चित्रात एक गाढव आणि एक बाई. जमीन खाणार मुलगा आणि विटंबना त्याच्या आईची! हा कुठला न्याय? लहानपणी मी तिथून मान फिरवून जायचे. मैत्रिणी घरी येणार असल्या की दगडावर गोणपाट टाकायचे.

घरात मात्र तो देव होता. आजोबांचा नांगर एकदा त्याला लागला, चंद्राच्या बाजूला खाच पडली, तेव्हापासून दर पेरणीआधी घरातला थोरला नारळ फोडून त्याची माफी मागायचा. अशी माफी मागणारा दादा शेवटचा थोरला. तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायला जेसीबी आला तेव्हा दगड सुरक्षित जागी हलवावा म्हणून अर्ज दिला. अर्ज मीच लिहिला, घरात अक्षर माझं चांगलं. दादाला तेव्हाच बारीक दिसेनासं झालेलं, म्हणून वाचून दाखवला, त्याने सही केली, दगड टेम्पोत चढला, आणि त्यानंतर तो कुठे गेला हे सांगायला एक माईचा लाल तयार होईना. या खिडकीवरून त्या खिडकीवर. साहेब बदलून गेले. फाइल दुसऱ्या इमारतीत आहे.

तेवढ्यात दादाला काचबिंदू निघाला. एका डोळ्याने अंधार, दुसऱ्याने धुरकट. डॉक्टर म्हणाले, आहे तेही फार दिवस टिकणार नाही. दादाने एवढंच मागितलं की डोळे जायच्या आत दगड एकदा बघायचाय. मग त्याच्या नातीला मोबाइलवर एक यादी सापडली, ‘राजधानी ठाणे : पाहण्यासारखी दहा ठिकाणं’. दहाव्या ठिकाणाच्या फोटोत तळ्याकाठच्या बागेत चार-पाच जुने दगड ओळीने उभे, आणि त्यातल्या एकाची खांद्याजवळची खाच आमच्या दगडासारखी.

मी म्हटलं, सरळ दहावर जाऊ. दादा ऐकेल तर शपथ. राजधानीत चाललोय तर आधी तिथल्या देवाला विचारायला हवं, असं त्याचं म्हणणं. त्याच्यापुढे माझं कुठलं चालतंय!

शीळफाट्याला बस अर्धा तास जागची हलली नाही. राजांच्या काळी कल्याणच्या बंदरातून माल खाडीने ठाण्याला जायचा, तो आमच्या आधी पोचत असणार. हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं, तर पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हणाला, “काकी, रोजचंच आहे.” रोजचंच आहे म्हणून तर राग येतो, बाबा.

तलावपाळीला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. मासुंदा तलाव छान आहे, खोटं कशाला बोलू. पाण्यावर ऊन, कारंजी, बाकांवर पेपर वाचणारे आजोबा. दादाने डोळे बारीक करून विचारलं की समोर काय चमकतंय. पाणी, म्हटलं. तो खूश झाला. मग कौपीनेश्वर. तिथली पिंड प्रचंड आहे, गाभाऱ्यात तिच्याभोवती माणसांना जेमतेम जागा. दादा बराच वेळ हात जोडून उभा होता. माझे पाय दुखत होते आणि पुजारी गर्दीला पुढे व्हा, पुढे व्हा म्हणत होता, पण दादाला तो काही बोलला नाही.

यादीत पुढे किल्ला. किल्ला म्हणजे तुरुंग. बाहेरून भिंत बघायची आणि वळायचं. मी हसले, दादा नाही हसला. रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या, उसाचा रस प्यालो. शेजारी कॉलेजातली दोन मुलं तीच यादी घेऊन फिरत होती. त्यांना विचारलं काय काय बघितलं, तर म्हणाली की राजधानीसारखं काही दिसत नाही, सगळी ट्रॅफिकच आहे. त्यांच्यावर रागवावं असं तोंडाशी आलं होतं, पण खरं तेच बोलत होती बिचारी. मधली सहा ठिकाणं दादाच्या गुडघ्यांनीच रद्द केली आणि आम्ही रिक्षाने दहाव्या ठिकाणी गेलो.

बाग कुणाची ते लिहीत नाही. फाटकाशी सेल्फी काढायला प्लॅस्टिकचा राजमुकुट. आत हिरवळ, हिरवळीत दगड, आणि सगळ्या दगडांना सोनेरी ऑइलपेंट फासलेला. हजार वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या दगडाला लग्नातल्या खुर्चीचा रंग! तिसऱ्या दगडापुढे पाटी होती. ‘प्राचीन शिलालेख. याच तलावाच्या गाळात सापडला.’

गाळात? आमच्या बांधावरून, आमच्यादेखत टेम्पोत घातलेला दगड गाळात सापडला? कोंडपाड्याचं नाव नाही की गाव नाही. आधी शेत गेलं, मग दगड गेला, आता जे होतं तेही नव्हतंच म्हणायचं. मी हातातली उन्हाची छत्री पाटीवर आपटली. सुरक्षारक्षक धावत आला. साताऱ्याकडचा, वयाने माझ्या मुलाएवढा. तोवर दादा दोरी ओलांडून दगडाशी पोचला होता.

“आजोबा, हात लावायचा नाही. नियम आहे.”

दादाने ऐकलंच नाही. त्याची बोटं सूर्यावरून फिरली, चंद्रावर आली, तिथून खाली उतरली आणि खाचेत बसली. बोट आत गेलं आणि तो थांबला.

“योच,” तो म्हणाला. “मना गावला.”

रक्षकाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला नांगराचं सांगितलं. त्याने टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाला की तो फाटकाकडे एक चक्कर मारून येतो. भला माणूस. त्या अख्ख्या बागेत तेवढा एकच.

दादाने खिशातून शेंदूर काढला, खाचेला बोटभर लावला. मग त्याचे हात खाली सरकू लागले. अक्षरं संपली तिथे गुळगुळीत सिमेंटचा चौथरा लागला. दोन्ही हातांनी तो चौथरा चाचपत राहिला. दगड कमरेएवढा होता, आता मांडीएवढाच उरलेला. चित्र नव्हतं. गाढव आणि बाई सिमेंटात गाडलेली.

आणि मी छत्री खाली ठेवली. कारण दुसऱ्या कुणाला कळणार नाही, पण मला कळलं होतं. त्या अर्जात, माझ्या चांगल्या अक्षरात, शेवटच्या ओळीच्या आधी एक वाक्य होतं. ‘शिल्पाचा खालील भाग महिला व मुलांच्या दृष्टीस पडणार नाही अशी व्यवस्था करावी, ही विनंती.’ गावाचं नाव ठेवा, पत्ता लिहा, जागा कळवा, हे सगळं लिहिलेलं कुणी वाचलं नाही. हे एकच वाक्य वाचलं आणि अगदी इमानेइतबारे पाळलं. आणि दादाला अर्ज वाचून दाखवताना मी ते सोडलं होतं.

नारळ फोडायला जागा नव्हती. दादाने तो दगडापुढे ठेवला आणि आम्ही निघालो.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी तो, शेजारी मी. कळव्याचा पूल गेला, मुंब्र्याचा डोंगर आला. मग मी सांगितलं. कशी लाज वाटायची, गोणपाट कसं टाकायचे, ते वाक्य का लिहिलं, का सोडलं. वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मना ठाव होता,” दादा म्हणाला. “वाचता वाचता तू थांबलीस. तवाच समाजला, कायतरी सोरलंस. माजे डोले गेलं, कान नाय.”

मग सही का केलीस, म्हणून मी त्याच्यावरच चिडले. काय करणार, सवय. त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याला काय दिसत होतं कोण जाणे.

“तू मास्तरीन. आपल्या घरान तुज्याएवरा कोन शिकला? मना वाटला, तुना ठाव आसल कसा लिवायचा.”

शिकलेल्या माणसाला याहून मोठी थप्पड कुणी मारली नसेल. बस खड्ड्यातून चालली होती आणि मी पदराने डोळे पुसत होते.

घरी पोचलो तेव्हा उन्हं अजून होती. वहिनीने चहा टाकला. दादाने चपला काढल्या, ओटीवर बसला आणि म्हणाला, “कागुद घे. परत लिव. आनि या टायमाला सगला वाच.”

लिहिलं. पाटी बदला. कोंडपाड्याचं नाव घाला. सोनेरी रंग काढा. चौथरा फोडा आणि दगड पुरता वर काढा. खालच्या चित्राबद्दल लिहायची वेळ आली तेव्हा पेन अडलं. तो शाप मला आजही आवडत नाही. जमीन खाणाऱ्यांची नावं लिहायची सोडून त्यांच्या आईला मधे ओढणाऱ्या राजाला, तो समोर असता तर, मी सुनावलं असतं. पण राजा आता भेटणार नाही, आणि जमीन खाणारे अजून आहेत. मग मी लिहिलं, स्वच्छ, वळणदार, एकेक अक्षर सुटं. ही जमीन जो हिरावून घेईल त्याच्या आईला गाढव लागेल, असा शाप या दगडावर कोरलेला असून तो सर्वांच्या दृष्टीस पडेल असा उभा करावा.

आणि ओटीवर बसून, वहिनी, सून आणि नात यांच्यासमोर, न थांबता मोठ्याने वाचून दाखवलं. दादाने हात पुढे केला. पेन त्याच्या बोटांत दिलं आणि सही कुठे करायची ते त्याचा अंगठा धरून कागदावर दाखवलं.